मुठीचं पेव

मूठ चुकवणाऱ्या बाईला नागुबाई देवळाच्या दारातच धरायची. आत गाणं सुरू झालेलं असो की पाळक पुस्तक उघडून उभा असो, तिला फिकीर नसे. उंबऱ्याला पाय टेकवून, पदर कमरेला खोचून, मांडीवर सूप घेऊन ती बसायची आणि येणारीच्या तोंडाकडं न बघता आधी हाताकडं बघायची.

"कामून गं? आठवडाभर चूल पेटली न्हाई का तुझी?"

"पेटली की, काकू. पण औंदाचं साल असं..."

"औंदाचं साल तुझ्या एकटीलाच हाय? आमी काय इथं तुपात लोळायलाव? जा, घरून घेऊन ये. देव कुठं पळून चाललाय, बसलाय आत."

बाई खाली मान घालून परत जायची. मागं कुणी हसलं तर नागुबाई त्याचंही उट्टं काढायची.

उंबरधोंडच्या ख्रिस्ती वस्तीत ही मूठ नागुबाईच्या सासूच्या काळापासूनची. दळणाला ज्वारी काढली की पहिली मूठ उचलून वेगळ्या गाडग्यात टाकायची. ती देवाची. मग घरात पाहुणा येवो, लेकरू रडो, त्या गाडग्याला हात लावायचा नाही. रविवारी गाडगं नागुबाईच्या सुपात रितं करायचं आणि सुपातली ज्वारी देवळातल्या कणगीत. त्यातून पाळकाला शिधा जायचा. सुगी बरी झाली, कणगी वाहू लागली, की उरलेली ज्वारी देवळामागच्या पेवात.

ते पेव नागुबाईच्या नवऱ्यानं, शमुवेलनं खणलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीतल्या लेकरांनी निवडुंगाची बोंडं खाल्ली, आणि नागुबाईची थोरली पोर हगवणीनं गेली. तिला मातीआड करून आला तसा शमुवेलनं कुदळ घेतली आणि देवळामागच्या मुरमात खणत सुटला. माणूसभर खोल, पोटाला रुंद, तोंडाला घागरीसारखं अरुंद. आतून कडब्याचं अस्तर. म्हणाला, "मंडळीतली एक जरी चूल पेटली न्हाई, त्या दिवशी हे फोडायचं. त्याच्या आधी न्हाई, आन् त्याच्या नंतर बी न्हाई." दोन सालांमागं त्यानंच ते शेवटचं भरलं, तोंडावर फरशी ठेवली, काळ्या मातीचा गिलावा केला, आणि त्याच पावसाळ्यात गेला. गिलाव्यावर त्याच्या बोटांचे फराटे अजून होते. दर उन्हाळ्यात पेव फोडून ज्वारी उन्हात घालायची आणि परत भरायची रीत होती. नागुबाईनं ती मोडली. कारण विचारलं तर म्हणायची, "उघडलं की धा डोळे पडत्यात." फराट्यांचं ती कुणाशी बोलली नाही.

त्या रविवारी सरजाबाई सगळ्यांच्या शेवटी आली. नागुबाईच्याच वयाची, दोघी एकाच साली या वस्तीत नांदायला आलेल्या. मागंपुढं कुणी नाही. अंगावरचं लुगडं स्वच्छ, पण आत बाई आहे की काठीला वाळत घातलंय असं वाटावं. तिनं गाडगं सुपात उपडं केलं. चांगली मुठीहून जास्त ज्वारी पडली.

"बघा!" नागुबाई आतल्या बायांना ऐकू जाईल असं ओरडली. "ना ल्योक ना सून, तरी हिची मूठ चुकत न्हाई. आन् तुमी नवऱ्याच्या कमाईवर बसून रडगाणं गायलाव."

सरजाबाई हसली आणि भिंतीला धरून आत गेली.

नागुबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण पाळकाचं बोलणं ती कान देऊन ऐकायची आणि आवडलं नाही तर खाकरायची. शरदचंद्र पाळक महिन्यातून एकदा लातूरहून निलंग्याला आणि तिथून एस.टी.नं उंबरधोंडला येई. त्या दिवशी तो कारभाऱ्यावर बोलला. देवानं दिलेलं आयुष्य, अंगातलं बळ, घरातलं धान्य हे आपलं नव्हे, आपण नुसते कारभारी. धनी परत येतो तेव्हा विचारतो, काय केलंस? एका चाकरानं धन्याचं द्रव्य जमिनीत पुरून ठेवलं, जसंच्या तसं परत दिलं, तर धनी त्याच्यावर केवढा संतापला. म्हणून पुरून ठेवू नका, कामाला लावा.

नागुबाई खाकरली. हे कुठं चाललंय ते तिला कळलं होतं.

प्रार्थना संपल्यावर पाळक लिंबाखाली तिच्यासमोर येऊन बसला. सोबत तिचा मुलगा याकोब. तोही मंडळीच्या, म्हणजे वस्तीच्या देवळाच्या, पंचांत होता.

"सलाम, नागुबाई."

"सलाम. बोला."

"लातूर जिल्हा झाला. आता आपल्या मंडळ्यांचंही वेगळं जिल्हा मंडळ होतंय. लातूरला मोठी सभा आहे. बाहेरगावचे पाहुणे येतील, दोन-तीन दिवस पंगती उठतील. प्रत्येक गावानं आपापला वाटा द्यायचाय. उंबरधोंडचं पेव..."

"पेव सभेसाठी न्हाई."

"ते देवाचं आहे ना?"

"म्हनूनच."

"आणि सभा कुणाची आहे?"

"ते तुमाला ठाऊक. जिल्हा झाला म्हनून गावोगाव पाट्या रंगवल्या, पाटीखाली हिरीला पानी आलं का? आता तुमी बी पाटी रंगवा. पर आमच्या ज्वारीनं न्हाई."

पाळकाचं तोंड लाल झालं. तो वाईट माणूस नव्हता. नव्या मंडळाचा मुख्य म्हणून त्याचं नाव पुढं होतं, आणि आपल्या गावांचा वाटा कमी पडला तर काय होईल याची त्याला धास्ती होती. पण असलं काही तो नागुबाईला सांगणार नव्हता आणि सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

"पंचांनी ठरवलंय, बाई. येत्या रविवारी टेम्पो येईल."

नागुबाईनं याकोबकडं पाहिलं. तो चपलेनं माती उकरत होता.

"ठरवलंय?" ती म्हणाली. "माझ्या घरात ऱ्हानाऱ्यानं ठरवलंय? आन् मला आज कळालंय?"

त्या दुपारी शंकरप्पाच्या मळ्यातल्या विहिरीवर ती घागर घेऊन गेली तेव्हा तिचा संताप तसाच होता. वस्तीची विहीर पौषातच आटली होती. शंकरप्पा पाणी द्यायचा, नाही असं नव्हतं. पण पोहऱ्याला हात लावू द्यायचा नाही. त्याचा सालगडी भीमा काठावर उभा राहून वरूनच वस्तीच्या घागरीत पाणी ओतायचा. निम्मं घागरीत, निम्मं बायांच्या पायावर.

"खाली धर की रे मुडद्या! सांडायलंय!"

"मालक वरडत्यात, मावशी."

"तुझा मालक बसलाय घरी. तुझा हात तर तुझा हाय का न्हाई?"

भीमा वरूनच ओतत राहिला. नागुबाई ओल्या पायांनी घरी आली, घागर दणकन ठेवली आणि याकोबला समोर उभं केलं.

"बोल."

"माय, काय बोलू? लातूरला मंडळाचं हापिस बांधून राहिलेत. पाळकसाहेब म्हनले, राखनदार म्हनून तुला घेतो. खोली मिळंल. हे दगड फोडून काय हाती लागायलंय?"

"अस्सं. बापानं खनलं, ते इकून तू राखनदाराची टोपी घ्यायलास."

"बापानं खनलं ते पुरून ठेवाया न्हाई खनलं!"

"पुरून न्हाई, राखून! चूल पेटायची थांबली का कुनाची? सांग ना, कुनाची थांबली?"

रोज सांजेला नागुबाई अंगणातल्या उखळावर उभी राहून वस्तीवरचा धूर बघायची. कुडाकुडातून, छपराछपरातून धूर निघाला की ती मान हलवायची आणि खाली उतरायची. शमुवेलनं लावून दिलेला कायदा ती असा पाळत होती. त्या सांजेलाही ती चढली. सगळ्या चुली पेटल्या होत्या. कडेला सरजाच्या खोपटावरही बारीक धूर होता.

"सरजाची बी पेटलीय," ती खाली उतरत म्हणाली. "पेव फोडायची येळ आली न्हाई."

परातीत पीठ मळत बसलेली सून पंचशीला मान वर न करता म्हणाली, "सरजामावशी कामावर चिंचोके खाऊन राहिली, आत्याबाई. म्या बघितलं. पदराआड भाजलेले चिंचोके."

"चिंचोके तोंडात टाकायला कुनाला आवडत न्हाईत?"

"आवडून खायचं आन् पोटासाठी खायचं, तोंडावरून कळतंय."

"तू मला शिकवायलीस? बिलोलीहून आलीस तवा प्रार्थनेला कुठं बसायचं ते ठाऊक नव्हतं तुला."

पंचशीला बौद्ध घरातली. याकोब बिलोलीकडं तलावाच्या कामाला गेला होता तेव्हा लग्न करूनच आला. नागुबाईनं तिला घरात घेतलं, लुगडं नेसवलं, आणि टोमणा मारायची एक संधी सोडली नाही. पंचशीलाही काही कमी नव्हती. पिठाचे हात झटकत ती म्हणाली, "बसायचं ठाऊक नव्हतं. उपाशी मानूस ओळखायचं ठाऊक होतं."

रोजगार हमीचं काम गावापासून लांब, पाझर तलावावर चाललं होतं. उघडा माळ. सावली देईल अशी बाभूळसुद्धा नाही, होत्या त्या दोन-चारांची सालं शेळ्यांनी खाल्लेली. बाया मांडी पसरून बसायच्या, टाचांच्या मधे दगड धरायच्या आणि हातोडी मारायच्या. खडीची चिप उडून पोटरीला लागायची, तिथं रक्ताचा ठिपका यायचा, त्यावर धूळ बसायची. नागुबाईच्या तळहाताचे फोड फुटून पुन्हा कातडी धरलेली होती. ती हातोडीला चिंधी बांधून मारायची, आणि प्रत्येक घावाला कुणाचं तरी नाव घ्यायची. त्या आठवड्यात घाव पाळकाच्या नावचे होते, मधेमधे याकोबच्या.

नरसिंग मुकादम लाकडी चौकट घेऊन यायचा. चौकट खडीनं भरली तर काम धरलं, नाही तर नाही. शुक्रवारी तो सरजाबाईच्या ढिगाजवळ थांबला, चौकट टाकली, पायानं खडी आत लोटली. चौकट अर्धीही भरली नाही.

"म्हातारे, ही खडी हाय का जिरंमोहरी? उद्यापासून येऊ नको. तुझ्या जागी तरनी बाई बसंल."

"भरते की, दादा," सरजाबाई म्हणाली. "सांजेपर्यंत भरते."

"कालबी असंच म्हनलीस."

नागुबाई तिथूनच ओरडली, "ए नरसिंग्या! तुझ्या मायला असं पायानं दाखवतुस का रे? हात मोडलेत?"

"तू गप, नागुबाई, न्हाई तर तुझी बी चौकट..."

"लाव की माझी! लाव! हे घे माझ्यातली, टाक तिच्या चौकटीत!" तिनं आपलं घमेलं उचललं आणि सरजाच्या चौकटीत ओतलं. खडी चौकटीबाहेर सांडली. नरसिंग हसत पुढं गेला.

सरजाबाई उठायला गेली. बहुतेक खडी सावरायला. एक हात जमिनीला टेकला, दुसरा हवेत राहिला, आणि ती कुशीवर पडली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. आवाज व्हावा एवढं तिच्यात काही उरलं नव्हतं.

याकोबनं तिला पाठीवर घेतलं. पंचशीला डोक्यावर पदर धरून बाजूनं चालली. नागुबाई पुढं झपाझपा, वाटेत भेटेल त्याला शिव्या देत. ऊन लागलं असंल, ती मनात म्हणत होती. ऊनच. दुसरं काय? रोज तर चूल पेटते हिची.

खोपटाची ताटी ढकलून ती आत शिरली. चुलीत राख होती, तीही ताजी. चुलीवर जर्मनचं पातेलं. नागुबाईनं झाकण काढलं. आत पाणी होतं. नुसतं पाणी, तळाला चिंचोक्यांची टरफलं. तिनं मडकी हुडकली. एकात मीठ. एकात काहीच नाही. तिसऱ्यात बोट फिरवलं तर बोटाला कोरडी धूळ लागली. दाण्याचा वाससुद्धा नाही.

याकोबनं सरजाला गोधडीवर ठेवलं. पंचशीलानं तिच्या ओठांना ओला पदर लावला.

"काय खायलीस तू?" नागुबाई खेकसली. "सांग की! काय शिजवायलीस रोज? धूर कशाचा काढायलीस?"

सरजाबाईनं डोळे उघडले. आवाज बारीक पण ठसका तोच.

"चूल पेटवायची असतीया, नागू. बाईची चूल थंड दिसली तर गाव काय म्हनंल?"

"गाव? कोन गाव? मी बघत होते ना! मी रोज उखळावर उभी राहून बघत होते!"

"म्हनून तर पेटवत होते."

पंचशीलाला कोनाड्यात काही दिसलं. तिनं ते खाली आणलं आणि सासूच्या हातात दिलं. छोटं गाडगं, वर चिंधीचं झाकण. आत ज्वारी. स्वच्छ पाखडलेली, येत्या रविवारची मूठ.

नागुबाई त्या गाडग्याकडं बघत राहिली. मग तिचा असा भडका उडाला की याकोब मागं सरकला.

"हे घरात असून तू चिंचोके चावलीस? अगं भवाने! दळून आंबील का न्हाई प्यालीस?"

"ते देवाचं हाय. तूच तर दारात बसतीस."

बाहेर कोंबडी उकरत होती. नागुबाईला रविवारचं सूप आठवलं, त्यात पडलेली ती भरून मूठ आठवली, आणि आपण आतल्या बायांना काय ओरडून सांगितलं तेही. ती मूठ कणगीतून पिशवीत, पिशवीतून एस.टी.नं लातूरला पाळकाच्या घरी गेली होती.

पंचशीला हळूच म्हणाली, "आत्याबाई, पाळक त्या दिवशी जे बोलले ना, जमिनीत पुरनारा चाकर... मला वाटलं ते तुमाला टोचून राहिले. पेव त्यानला पाहिजे होतं म्हनून. पर बोलले ते खरं होतं."

याकोब धसकला. आता बायकोचं काही खरं नाही. नागुबाईनं हात उगारलाही. तो हात तिनं स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला, एकदा, आणि उठली.

"बकरीचं दूध कुठं मिळतंय बघ," ती सुनेला म्हणाली. "चमच्यानं पाज, घाई करू नको. याकोब, कुदळ घे."

"माय, पंचांना न विचारता?"

"विचार की. चल, उभा ऱ्हा आन् स्वतःलाच विचार, तू बी पंचच हाईस ना?"

त्या दिवशी उन्हं उतरत आली होती, आणि पेव फोडून लगेच आत उतरता येत नाही. आतला कोंदलेला वारा माणसाला उभ्या उभ्या मारतो. म्हणून नुसता गिलावा फोडायचा, फरशी सरकवायची आणि तोंड वाऱ्याला उघडं ठेवायचं. कुदळ याकोबच्या हातात होती, पण पहिला घाव नागुबाईनं घातला. शमुवेलच्या बोटांचे फराटे होते तिथंच. मातीची खपली निघाली, तिचे दोन तुकडे झाले. ती वाकली, तुकडे उचलले, बघितले, आणि बाजूला भिरकावले.

"तुझं बी चुकलं," ती कुणाला तरी म्हणाली. "चूल पेटली का बघ म्हनलास. चुलीवर काय हाय ते बघ म्हनला न्हाईस."

सकाळी दोरीला कंदील बांधून आत सोडला. ज्योत फडफडली, पण विझली नाही. याकोब कमरेला दोर बांधून उतरला. वर सगळी वस्ती जमलेली. पाटी वर आली तसा वास सुटला, उग्र, आंबूस, नाकातून डोक्यात जाणारा. पेवाच्या ज्वारीला थोडा वास येतोच, पण हा जास्तीचा होता.

"माय," आतून आवाज आला. "कडंची काळी पडलीय. भिंतीला लागून सगळी. ढेकळं झालीत."

"आन् मधली?"

"मधली बरी हाय."

नागुबाईनं काळ्या ज्वारीचं ढेकूळ हातात घेतलं. दाणा दाण्याला चिकटलेला, पांढरी बुरशी धरलेली. दोन उन्हाळे उन्हात घातली असती तर हे झालं नसतं. बाया एकमेकींकडं बघत होत्या. कुणाची तरी मूठ होती ती, लेकराच्या तोंडची काढलेली.

"बघताव काय?" ती म्हणाली. "मी कुजवली. माझ्या हातानं न्हाई, माझ्या हेक्यानं. आता तोंडात बोटं घालू नका, पोती धरा. आन् ही काळी बाजूला ठेवा, देवळाच्या दारात. फेकायची न्हाई."

पेव एकदा उघडलं की रितं करावंच लागतं. अर्धं ठेवलं तर वारा लागून सगळं जातं. मधली ज्वारी तट्ट्यावर पसरली, पाखडली, आणि नागुबाईनं शेरानं मापायला घेतली. ज्याच्या घरी जास्ती तोंडं त्याला जास्ती. कुणी म्हणालं, अमक्यानं दोन रविवार मूठ दिली नाही, त्याला कशाला? नागुबाईनं शेर आपटला.

"त्याच्या लेकरांनी बी दोन रविवार पोट भरून न्हाई घेतलं. तू गप ऱ्हा, न्हाई तर तुझी पाटी उलटी करते."

बाया पांगायला लागल्या तेव्हा लिंबापलीकडं कुणी उभं असल्याचं तिला दिसलं. शंकरप्पाचा भीमा. हातात रिकामं पोतं, घडी करून काखेत लपवलेलं.

"तू रे काय आलास? बघाया?"

"न्हाई, मावशी."

"मग?"

तो जमिनीकडं बघत राहिला. "मालकानं सालाची ज्वारी बंद केली. म्हनतोय, बैलाला न्हाई, तुला कुठली देऊ. घरी लेकरं..."

याकोब पेवातून निम्मा वर आला होता. "माय, हे मंडळीचं हाय. आन् ह्यो आपल्या पायावर पानी वततो."

नागुबाईला ते माहीत होतं. तिचे पाय अजून त्या चिखलानं भेगाळलेले होते. तिनं भीमाकडं असं पाहिलं की तो परत फिरला.

"कुठं चाललास? पोतं उघड!" ती ओरडली. शेर भरून तिनं त्याच्या पोत्यात टाकला, मग आणखी एक, शेर असा उंच धरून की काही दाणे त्याच्या पायावर सांडले. भीमा खाली बसून ते दाणे वेचायला लागला.

"वरून वतलं की असं वाटतंय," ती म्हणाली. आणि मग शेर खाली धरून बाकीचं पोत्याच्या तोंडात हळू रितं केलं.

रविवारी पाळकाचा टेम्पो आला तेव्हा पेवाच्या तोंडावर बोराटीची काटी टाकलेली होती, कुणी आत पडू नये म्हणून. पाळक उतरला, देवळामागं गेला, परत आला. त्याच्या कपाळावरची शीर उडत होती.

"कुणाला विचारून फोडलंत?"

"पोटाला," नागुबाई म्हणाली. ती देवळाच्या दारात बसलेली होती, पण मांडीवर सूप नव्हतं. "सलाम करायचा राहिला. सलाम, साहेब."

"मी काय तोंड दाखवू तिथं? याकोब, तू तरी बोल. तुला मी शब्द दिला होता."

याकोबनं हातांकडं पाहिलं. पेवाचा वास हातांना अजून होता. "म्याच उतरलो होतो आत," तो म्हणाला.

"ह्याचा हिशोब द्यावा लागेल, नागुबाई. आज ना उद्या."

"आजच देते. उद्या कशाला?" ती उठली. दाराशेजारच्या काळ्या ढिगाकडं बोट केलं. "ही मी राखलेली. पुरून ठेवली, कुजली. हे माझ्या नावावर लिहा, देवाला बी सांगा, मी नाकारनार न्हाई. आन् बाकीचा हिशोब..."

तिनं पंचशीलाकडं बघितलं. पंचशीला सरजाबाईला धरून घेऊन येत होती. म्हातारी दोन दिवस दुधावर आणि ज्वारीच्या पातळ पेजेवर होती. पाय लटपटत होते, पण लुगडं नीट नेसलेली, आणि हातात ते गाडगं. रविवार होता. गाडगं रितं करायला ती आली होती. नागुबाईनं काल दिवसभर शिव्या दिल्या तरी तिनं ती ज्वारी दळू दिली नव्हती.

"सूप कुठंय गं तुझं?" ती नागुबाईला म्हणाली. "धर, मूठ घे."

उंबरधोंडच्या देवळाच्या दारात इतकी वर्षं बसून नागुबाईनं एकाही बाईला रिकाम्या हातानं आत सोडलं नव्हतं. तिनं हात मागं घेतले.

"मला नको. आजवर ज्यानं खाल्ली त्याला दे." ती पाळकाकडं वळली. "साहेब, ही बाई पान्यावर आन् चिंचोक्यावर होती. आन् हिची मूठ दर महिन्याला पिशवीतनं तुमच्या घरी येत होती. तुमाला ठाऊक नव्हतं. मला बी नव्हतं. मी तर दारात बसून घेत होते. आता दोघांनला ठाऊक झालं. हात पुढं करा."

"नागुबाई, हे..."

"हात पुढं करा."

पाळकानं हात पुढं केला. सरजाबाईनं गाडगं त्याच्या ओंजळीत उपडं केलं, हसून, देवाला देतात तसं. तो ज्वारीकडं बघत राहिला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. कणगी आत होती, पण दारात नागुबाई उभी होती. म्हातारीच्या गाडग्यात परत टाकावी तर तिनं ते उलटं करून काखेत धरलेलं. कुणी सूप पुढं केलं नाही, कुणी पदर पसरला नाही. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

ओंजळीतले दाणे सांडू लागले तसे त्यानं ते उजव्या मुठीत धरले, मूठ आवळली, आणि तसाच टेम्पोकडं गेला. दार त्यानं डाव्या हातानं ओढलं. ते नीट लागलं नाही, पुन्हा ओढलं.

टेम्पो वळला. मागची रिकामी फळी खडखडली. नागुबाई धुळीतून दोन पावलं पुढं आली आणि तोंडाला हात लावून ओरडली,

"सांडू नका, साहेब! सरजाची हाय ती!"